काचेच्या तारेला मारलेली गाठ

गावात मला मेजर म्हणतात. मी मेजर नव्हतो, हवालदार म्हणून घरी आलो. पण आमच्या कोरेगाव तालुक्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो आणि एकेकाला थांबवून खुलासा करत बसणं मला जमत नाही. मी सिग्नलमध्ये होतो. बंदूक होती, पण खरं काम तारेचं. टेलिफोनची तार खांद्यावरच्या रिळातून सोडत डोंगर चढायचा, झाडाला गाठ मारायची, हाताने एक हिसका देऊन बघायचा आणि पुढं निघायचं. लाईन बंद पडली की पहिला प्रश्न एकच: कुणी तोडली? आपोआप तुटली असेल हे उत्तर तिथं चालत नसे. बावीस वर्षं हा प्रश्न विचारल्यावर माणसाच्या स्वभावाला जे होतं ते माझ्याही स्वभावाला झालं. दुधात पाणी आहे का, मापात पाप आहे का, शेजारी बांध कोरतोय का, हे बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की माझा माझ्या सावलीवरसुद्धा पूर्ण विश्वास नाही. ती अतिशयोक्ती करते.

मुलगाही फौजेत गेला. तो सीमेवर, आणि सूनबाई पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत चार वर्षांच्या मुलीला घेऊन एकटी. ती एका कंपनीत कामाला आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या संगणकाच्या प्रोग्राममध्ये चुका शोधायच्या, हे तिचं काम. दुसऱ्याच्या चुका शोधायला पगार मिळतो हे ऐकून मला तिच्याबद्दल आधीपासूनच आदर होता. उन्हाळ्यात ती म्हणाली, "आबा, घरून काम करायची परवानगी मिळतेय. मी गावाला येऊन राहू का?" मी म्हटलं, यात विचारायचं काय.

पण परवानगीला अट होती. रोज सकाळी दहाला तिची मीटिंग असते, स्क्रीनवर समोरासमोर. एका महिन्यात तीनदा ती मीटिंग तुटली किंवा हुकली तर परवानगी रद्द, आणि पुण्यात ऑफिसात येऊन बसायचं. तसं झालं तर मुलीला ती पुण्यातही ठेवणार नव्हती. तिचं माहेर सांगलीत. मुलगी तिथं आजी-आजोबांकडं ठेवायची आणि आपण पुणे-सांगली करायचं, असं तिच्या माहेरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आमचे व्याही दर चार दिवसांनी फोन करायचे. "आमच्या गल्लीत तीन कंपन्यांच्या तारा आहेत, मेजर. एक बंद पडली की दुसरी. तुमच्याकडं काय सोय?" चौकशी म्हणून विचारायचे, पण मला त्यात नातीला उचलून न्यायचा बेत स्पष्ट दिसायचा.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. माझा मुलगा वाढताना मी पाहिला तो सुट्टीसुट्टीतून. एका सुट्टीत रांगत होता, पुढच्या सुट्टीत मला बघून आईच्या मागे लपला, त्याच्या पुढच्या सुट्टीत त्याला मिसरूड फुटायला आली होती. मधलं सगळं माझं राहून गेलं. नात आली आणि सकाळी उठून माझ्या कानात काहीतरी खोटंनाटं सांगायला लागली, तेव्हा मला कळलं की आपलं काय हुकलं होतं. ती जाऊ नये एवढंच मला हवं होतं. त्यासाठी दहा वाजताची मीटिंग तुटता कामा नये. म्हणजे लाईन माझ्या जबाबदारीवर आली.

पहिल्यांदा सूनबाईनं मोबाईलच्या टॉवरवर चालणारा छोटा डबा आणला होता. हवेतून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास नाही. जी गोष्ट हाताला लागत नाही ती तपासायची कशी? सकाळी सातला तो डबा घोड्यासारखा पळायचा. नऊनंतर गावातले सगळे मोबाईल जागे झाले की रेंगाळायचा, आणि क्रिकेटची मॅच असली की बसकणच मारायचा. एकाच टॉवरचं पाणी सगळ्यांच्या वाफ्याला, मग शेवटच्या वाफ्याला काय येणार? आमचं घर मळ्यात, म्हणजे शेवटचंच.

मग मी माझ्या आवडीची गोष्ट सुचवली: घरातला जुना टेलिफोन. तांब्याची तार. त्याच तारेवरून इंटरनेट येतं हे मला माहीत होतं. अर्ज केला, लाईन चालू झाली आणि दोन दिवस मी मिरवून घेतलं. पण तांब्यावरून आवाज जितक्या झोकात जातो तितक्या झोकात चित्र जात नाही. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. आमच्यापर्यंत येईतो सूनबाईच्या मॅडम स्क्रीनवर तोंड उघडून थिजलेल्या दिसायच्या. त्यात पावसाळी हवा आली की जोडांत पाणी. आणि एक दिवस ओढ्याकाठची तार गायबच झाली. तांबं भंगारात विकलं जातं, हे चोराला सांगावं लागत नाही. मी चोर कोण याची एक यादीही केली होती, पण ती सौभाग्यवतींनी चुलीत घातली.

तिसरा प्रयोग छतावरच्या ताटलीचा. कोरेगावच्या एका माणसाने आमच्या स्लॅबवर पांढरी ताटली बसवली आणि तिचं तोंड डोंगरावरच्या टॉवरकडं केलं. यात टॉवर आणि ताटली यांची सरळ नजरानजर लागते. मध्ये झाड आलं की संपलं. आणि मध्ये झाड होतं. निलगिरीची सहा झाडं, माझ्या चुलतभावाच्या बांधावर.

चुलतभावाची ओळख करून द्यायला हवी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझा ऊस आणि त्याचा ऊस यांच्यामध्ये एक बांध आहे, आणि तो बांध दरवर्षी माझ्या बाजूला सरकतो असं माझं म्हणणं. त्याचं म्हणणं उलट. भांडण असं कधी नव्हतं. बोलणं होतं, लग्नकार्याला जाणं-येणं होतं, पण प्रत्येक बोलण्याच्या तळाशी तो बांध असायचा. मी त्याला झाडांचे शेंडे छाटायला सांगितले. तो हसून म्हणाला, "मेजर, ती झाडं तुमी फौजेत हुता तवाची हायती. तवापासनं मी तुमचं इंटरनेट आडवायचा कट केलाय व्हय?" त्यानं शेंडे छाटले, पण उशिरा, आणि दोन झाडं तशीच ठेवली. मी मनात नोंद केली.

शेवटी फायबर. काचेची तार, केसाएवढी बारीक, आणि तिच्यातून वीज नाही तर उजेड पळतो. सूनबाईनं समजावलं की तांब्यासारखा यात अंतरानं वेग मरत नाही, पावसानं बिघडत नाही, आणि चोराला विकायलाही काही मिळत नाही. व्याह्यांनी तर पुराच्या वेळी त्यांच्या गल्लीत कमरेइतकं पाणी असतानाही ही तार पाण्याखाली व्यवस्थित चालू होती असं छातीठोक सांगितलं. मी विचारलं, गल्लीत वीज होती का? नव्हती. मग तार चालू आहे हे तुम्हाला कळलं कसं? त्यावर त्यांनी हवापाण्याचा विषय काढला.

फायबरवाल्याची पहिली भाषा हीच होती की मळ्यापर्यंत परवडत नाही. निदान तीन घरं पाहिजेत. सांगलीत एका दारासाठी तीन कंपन्या भांडतात आणि इथं एका कंपनीसाठी तीन दारं गोळा करायची. एक मी, एक आमच्या मळ्याजवळचा पोल्ट्रीवाला, आणि तिसरा कोण? तिसरा चुलतभाऊ. शिवाय तारेला त्याच्या बांधावरून यायचं होतं, म्हणजे खांबाला परवानगीही त्याचीच. मी अर्धा तास भाषण तयार करून गेलो. त्यानं दोन वाक्यांत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेजर, आवं घ्या की. तारच हाय न्हवं? काय हीर पाडायची हाय? आन माझ्या घरात बी जोडा एक."

एवढ्या सरळ हो म्हणाला म्हटल्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खांबाची जागा उद्या बांधाचा पुरावा करणार असेल का? की आपल्या लाईनवर नजर ठेवायची असेल? सौभाग्यवती म्हणाल्या, "आवं, तो हो म्हनला तरी तरास, न्हाई म्हनला तरी तरास. त्यानं करायचं काय?"

फायबर बसवायला आलेला माणूस चष्मेवाला, पन्नाशीचा, हळू बोलणारा. चुलतभावाच्या बांधावरच्या खांबापासून दोन फाटे फुटले, एक त्याच्या घराला, एक आमच्या. आमच्या फाट्याची बरीचशी तार उरली, ती त्यानं बैलगाडीच्या चाकाएवढं मोठं वेटोळं करून खांबाला सैल टांगली. जाताना बजावलं, "मेजर, हे वेटोळं आसंच ऱ्हाऊ द्या. हलवू नका." मी मान डोलावली. मनात म्हटलं, एवढी तार उरवून ठेवलीय, उद्या दुसरीकडं विकायला न्यायची असेल.

सैल तार मला बघवत नाही. फौजेत सैल तार म्हणजे आळशी लाईनमन. तिच्यात ढोराचा पाय अडकतो, ट्रॉलीची कड लागते, कुणीही खेचतो. तिसऱ्या दिवशी मी ते वेटोळं उतरवलं, दुमडून दुमडून घट्ट केलं, आमच्या बांधावरच्या बाभळीला आणलं आणि आमची लाईनमनची गाठ मारली. जी गाठ बर्फात, वाऱ्यात सुटली नव्हती तीच. हिसका दिला. पक्की. घरी येऊन बघितलं तर राउटरचा दिवा हिरवा. मला बरं वाटलं.

मग एक दिवस पावणेदहाला दिवा लाल झाला. मीटिंग तुटली. पहिली. दुपारनंतर लाईन आपोआप परत आली. चष्मेवाला येऊन राउटर बदलून गेला. पुन्हा तसंच. दुसऱ्या खेपेला त्यानं आमच्या भिंतीजवळ तारेला मीटर लावलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "मदी कुठंतरी उजीड गळतोय, मेजर. पर आता ऊस उंच झालाय, बांधावरनं चालत गेल्याबिगर कळायचं न्हाई." परत येतो म्हणाला आणि गेला. मला वाटलं, याला माहीत आहे, पण कुणाचं तरी नाव घ्यायला घाबरतोय.

मी वही काढली. फौजेत लाईनची वही असते. किती वाजता बंद, किती वाजता चालू, कोण ड्युटीवर. मी तीन रकाने आखले. तिसऱ्यात लिहायचं, त्या वेळी बांधावर कोण होतं. आणि पंधरा दिवसांत सगळं उघडं पडलं. शेतीच्या मोटारीला एक आठवडा दिवसा वीज असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आमची लाईन एकदाही बंद पडली नाही. दिवसाच्या आठवड्यात रोज. आणि दिवसाच्या आठवड्यात चुलतभाऊ सकाळी नऊला मोटार चालू करायला त्या बांधावरूनच जायचा. तो गेला की तासाभरात लाल दिवा. त्याच्या घरातली लाईन मात्र चालू. मला आणखी काय पाहिजे होतं?

मीटिंग दोनदा तुटली होती; बाकीच्या दिवशी सूनबाईनं मोबाईलच्या त्या जुन्या डब्यावर कशीबशी निभावली. सूनबाईनं नातीचे थंडीचे कपडे वेगळे काढून ठेवलेले मी बघितले. व्याह्यांचा फोन आला, "रविवारी गाडी घेऊन येऊ का?" मी म्हटलं, रविवारी आमच्याकडं कार्यक्रम आहे. कुठला कार्यक्रम ते मला सुचलं नाही.

ग्रामसभा होती त्या सकाळी पुन्हा लाल दिवा लागला. नऊ पंचेचाळीस. त्यात क्रिकेटची मॅच, म्हणजे मोबाईलचा डबाही बसकण मारलेला. चुलतभाऊ नऊ वाजता गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. सूनबाईनं लॅपटॉप उचलला आणि मागच्या दाराने कुठंतरी निघून गेली. रडायला गेली असेल असं मला वाटलं. तिसरी मीटिंग तुटली म्हणजे संपलं. बाराला सभा सुरू झाली तेव्हा मी टोपी चढवून पंचायतीत हजर होतो.

मला बोलायचं होतं ते खरं तर वेगळंच. आमच्या पंचायतीच्या कपाटात सरकारी फायबरचा एक डबा आहे. देशभर गावोगाव तार न्यायची म्हणून तो आला. आला त्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. तार ऑफिसच्या भिंतीपर्यंत आली आणि तिथंच बसली. किल्ली ग्रामसेवकाकडं, ग्रामसेवक तालुक्याला. मी उठून उभा राहिलो आणि सरपंचबाईंना विचारलं, ही तार पुढं कधी जाणार?

"मेजर, पुढचं कंपन्या करनार म्हंत्यात," त्या म्हणाल्या.

तिथं मी पेटलो. म्हटलं, कंपनी येते ती दारं मोजून. ओढ्यापलीकडं अकरा घरं आहेत, तिथं तिला परवडत नाही. त्या अकरा घरांतली पोरं परीक्षेचे फॉर्म भरायला तालुक्याला जातात. मी जिथं होतो तिथं शेवटच्या चौकीवर चार माणसं असायची. चार माणसांसाठी आम्ही खांद्यावरून मैलोन् मैल तार नेली. चार माणसांना लाईन देणं परवडतं का, असं कुणी विचारलं नाही. देशाला वाटलं तिथं तार गेली पाहिजे, म्हणून गेली. मग इथं कोण राहतं, परदेशातली माणसं? रस्ता सरकार करतं, कालवा सरकारनं काढला, विजेचे खांब सरकारनं रोवले. कंपनीवर सोडलं असतं तर अजून कंदील असते. पैसा आपलाच आहे. डब्याला घातलेला हार वाळून गेला, आता त्यातून तार बाहेर काढा. आणि हो, काम कोण घेतं, किती खोल पुरतं, यावर मी स्वतः उभा राहणार, कारण माझा सरकारवरही भरवसा नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथं बसलो असतो तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण ठरलं असतं. पण समोर चुलतभाऊ बसलेला दिसला आणि माझा तोल गेला. मी वही उघडून सगळ्यांसमोर वाचली. तारीख, वेळ, बांधावर कोण. "सरकार तार देईल, पण घरातलाच माणूस रोज तोडत असेल तर काय करायचं?" असं म्हणालो. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या.

तो उठला. रागावेल असं वाटलं होतं. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "मेजर, तुमी म्हंताय तर आसंल बाबा." आणि चपला घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा पुन्हा लाल होता, पण सूनबाईला सुट्टी होती; ती पडवीत माझ्यासमोर येऊन बसली. ग्रामसभेतली हकिकत तिच्यापर्यंत पोचली होती. तिनं वही मागितली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय. ती पानं उलटत गेली, बोट ठेवून वाचत गेली, जसं ती स्क्रीनवर करते तसं.

"आबा, काका नऊला जातात. मग परत कधी येतात?"

"सव्वानऊला. मोटार चालू करायची आणि यायचं."

"आणि लाईन जाते पावणेदहाला."

"हां. पुरावा आहे."

"मग मधला अर्धा तास बांधावर कोण असतं?"

मी म्हटलं, कोणी नाही. तो परतला की मी स्वतः जाऊन तपासून येतो ना. गाठ बघतो, हिसका देतो, थोडी सैल वाटली तर अजून आवळतो. तो जाऊन आला आणि मी तपासायला गेलो नाही, असा एक दिवस नाही.

तिनं वही माझ्याकडं वळवली. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीत चुलतभावाचं नाव होतं. माझं एकाही ओळीत नव्हतं.

"आबा, ती काच आहे," ती हळूच म्हणाली. "तांबं नाही. घडी घातली, आवळली, की आतला उजेड वाकत नाही, बाहेर गळतो. दुपारपर्यंत ओढ सैल झाली की परत येतो. रात्रीच्या आठवड्यात काका रात्री जातात, तेव्हा तुम्ही झोपलेले असता."

आम्ही दोघं बाभळीपर्यंत गेलो. मी गाठ सोडली. माझीच गाठ, तरी सुटायला वेळ लागला. तारेचं वेटोळं मोकळं झालं आणि घरातून सौभाग्यवतींनी ओरडून सांगितलं की दिवा हिरवा झाला. मला बसावंसं वाटलं, पण बांधावर चिखल होता.

"कालची मीटिंग तुटली नाही, आबा," सूनबाई म्हणाली. "दोनच झाल्यात. काल मी काकांच्या घरी बसून केली. आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी, लाल दिवा लागला की पळत ये म्हणून. काकूंनी मला चहा दिला आणि काका दाराबाहेर उभे राहिले, कुणी आत येऊन गडबड करू नये म्हणून."

म्हणजे ज्या सकाळी तो माझ्या सुनेची नोकरी सांभाळत आपल्याच दारात उभा होता, त्याच दिवशी मी त्याला चारचौघांत चोर ठरवलं. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नात गेली नाही याचा आनंदसुद्धा मला धड करता येईना.

चारचौघांत बोललो होतो, तेव्हा चारचौघांतच परत घ्यायला हवं होतं. पुढच्या ग्रामसभेपर्यंत माझ्याच्याने थांबवलं नसतं. सकाळी सगळं गाव भेटतं ते दूध डेअरीवर. दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन मी रांगेत उभा राहिलो. तो माझ्यापुढं तिसरा होता, पाठमोरा. मी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणालो, "ऐका. आमची लाईन यानं तोडली नव्हती. रोज जाऊन मीच तोडत होतो. गाठ मारून."

आधी कुणाला काही कळलं नाही. कळलं तेव्हा सगळी रांग हसायला लागली. एक जण म्हणाला, "मेजर, दुश्मन सापडला म्हनायचा!" मी हसू दिलं. तो मात्र हसला नाही. त्यानं आपलं दूध मापून घेतलं आणि बाजूला माझी वाट बघत थांबला.

आम्ही मळ्याच्या रस्त्याने बरोबर चाललो. दोघांच्या हातात रिकामे कॅन. मी म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." मग बाभळीपाशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "एक सांगू का? मोटारीवरनं आलो की घराच्या स्लॅबवरनं मी रोज बघत हुतो तुमाला. तुमी यायचा, तार आवळायचा, हिसका द्यायचा. त्या चष्मेवाल्यानं माझ्या घरात बजावलं हुतं, तार दुमडू नका म्हनून. मला तवाच कळलं हुतं."

मी उभा राहिलो. "मग बोलला का नाहीस? निदान गाठ तरी सैल करायचीस."

"मेजर," तो म्हणाला, "हात लावला आसता तर तुमी काय म्हनला आसता?"

काय म्हणालो असतो ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. मी वेटोळं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खांबाला नेऊन टांगलं, सैल, गाडीच्या चाकाएवढं. वाऱ्यानं ते हलत होतं. माझा हात हिसका द्यायला आपोआप पुढं गेला, तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला.